साक्षीदाराचा चेहरा : क्रिस्तिना यांदा हिच्या निमित्ताने

'साहित्य आणि चित्रपट' ही अभ्यासपत्रिका शिकवताना आम्ही दोघे काही वर्षे आंद्जेय वायदा या पोलिश दिग्दर्शकाचा 'मॅन ऑफ मार्बल' हा चित्रपट एम.ए.च्या वर्गाला दाखवत आलो आहोत. एका वर्षी उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट ध्यानात आली. चित्रपटाच्या नायिकेविषयी सर्वांनी भरभरून लिहिले होते. कुणी तिला 'वायदाची आग्नियेश्का' म्हटले होते, कुणी 'वायदाने घडवलेली बंडखोर स्त्री'. ती भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीचे नाव मात्र एकाही उत्तरपत्रिकेत नव्हते. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. आमच्या टिपणांतही ते नाव एकदाच, तेही कंसात, आले होते.

कवितेविषयी बोलताना कवीला, नाटकाविषयी बोलताना नाटककाराला आणि चित्रपटाविषयी बोलताना दिग्दर्शकाला आपण कर्ता मानतो. नट म्हणजे त्या कर्त्याच्या हातची माती, ही समजूत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती तपासून पाहावी असेही आपल्याला वाटत नाही. आमचे म्हणणे असे आहे, की काही नटांची कारकीर्द एखाद्या लेखकाच्या समग्र वाङ्मयासारखी सलग वाचता येते आणि ती तशी वाचली पाहिजे. क्रिस्तिना यांदा ही अशी अभिनेत्री आहे. चार-साडेचार दशकांच्या तिच्या भूमिका एकापुढे एक मांडल्या, तर दिग्दर्शक बदलतात, राजवट बदलते, माध्यम बदलते. एक प्रश्न मात्र बदलत नाही. साक्ष कोणी द्यायची, कोणाच्या वतीने द्यायची आणि तिची किंमत कोणी मोजायची, हा तो प्रश्न होय.

यांदाचा जन्म १८ डिसेंबर १९५२ रोजी स्ताराखोवित्से या औद्योगिक गावी झाला. वॉर्सातील नाट्यविद्यालयातून ती १९७५ साली बाहेर पडली आणि पुढच्याच वर्षी वायदाने तिला 'मॅन ऑफ मार्बल'साठी निवडले. श्चिबोर-रिल्स्की याने लिहिलेली ही पटकथा तोवर दशकाहून अधिक काळ सरकारी परवानगीच्या प्रतीक्षेत पडून होती. आग्नियेश्का ही चित्रपट-विद्यालयातील विद्यार्थिनी. पदवीसाठी तिला एक चित्रपट करायचा आहे आणि विषय म्हणून तिने निवडला आहे मातेउश बिरकुट हा गवंडी. १९५०च्या सुमारास नोवा हुता ही पोलादनगरी उभी राहत असताना विटा रचण्याचा विक्रम करून 'श्रमवीर' ठरलेला, ज्याचा संगमरवरी पुतळा उभारला गेला आणि पुढे जो इतिहासातून पुसून टाकण्यात आला, असा हा माणूस. त्याचे काय झाले, हे आग्नियेश्काला शोधायचे आहे.

वस्तुसंग्रहालयाच्या तळघरात टाकून दिलेल्या पुतळ्यांत तिला बिरकुट सापडतो तो प्रसंग आठवावा. पहारेकरी बाईची नजर चुकवून आग्नियेश्का आत शिरते, आडव्या पडलेल्या त्या संगमरवरी देहावर स्वार होते आणि हातातल्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करू लागते. त्या प्रसंगी पटकथेने तिला काय करायचे ते सांगितले असेल. कसे करायचे ते सांगितले असणे शक्य नाही. डेनिमचा पोशाख, लांब ढांगा, ओठांत सिगारेट, आणि सतत कुठल्यातरी बंद दाराला धक्का देण्याच्या तयारीत असलेले खांदे, हे यांदाचे आहे. पोलिश पडद्यावरील स्त्री तोवर अशी चालली नव्हती. वर्गातले काही विद्यार्थी दरवर्षी म्हणतात, "सर, ती फारच आक्रस्ताळी वाटते." आक्षेप खोटा नाही. आग्नियेश्का सहन न होण्याइतकी अस्वस्थ आहे. पण ज्या समाजात सगळे हळू आवाजात, इकडेतिकडे पाहून बोलतात, तिथे साधा प्रश्न विचारणारा माणूसही आक्रस्ताळाच वाटणार. ती अस्वस्थता हा अभिनयाचा अतिरेक नसून तिच्या भोवतीच्या शांततेवरचे भाष्य आहे, असे आमचे मत आहे.

चित्रपटाच्या उत्तरार्धात दूरचित्रवाणीचे अधिकारी तिच्याकडून कॅमेरा काढून घेतात. ती घरी परतते. धावणारी आग्नियेश्का आपल्याला तिथे प्रथमच थांबलेली दिसते. तिचे वडील साधे रेल्वे कामगार. कॅमेरा नसला तरी त्या माणसाचा शोध घ्यायला काय हरकत आहे, अशा अर्थाचे काहीतरी ते सुचवतात आणि ती ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्याकडे निघते. चित्रपटासाठी साक्ष गोळा करणारी मुलगी इथे साक्षीसाठीच साक्ष शोधू लागते. बिरकुट मरण पावला आहे एवढेच तिला त्याच्या मुलाकडून कळते. तो डिसेंबर १९७० मधील कामगार-आंदोलनात गोळीबाराला बळी पडला, हे पडद्यावर सांगायला १९८१ उजाडावे लागले.

ते सांगणारा 'मॅन ऑफ आयर्न' हा चित्रपट १९८१ साली कान महोत्सवात सर्वोच्च 'सुवर्ण-पाम' सन्मानाचा मानकरी ठरला. 'सॉलिडॅरिटी' चळवळ तेव्हा भरात होती. आग्नियेश्का आता बिरकुटच्या मुलाची पत्नी आहे, कोठडीत आहे, आणि तिला भेटायला आलेल्या पत्रकाराला ती सारी हकिगत सांगते. हा पत्रकार तिच्या नवऱ्याची बदनामी करण्याच्या कामगिरीवर पाठवलेला आहे. पहिल्या चित्रपटात जी प्रश्न विचारत होती, ती इथे उत्तर देते आहे. आधीचा चढा स्वर, हातवारे, ढांगा, सगळे गळून पडले आहे. एकच पात्र चार-पाच वर्षांच्या अंतराने असे आतून बदललेले दाखवणे हे दिग्दर्शकाच्या कक्षेबाहेरचे काम आहे. याच चित्रपटात आग्नियेश्काच्या लग्नाचा प्रसंग आहे आणि त्यात विवाहाचा साक्षीदार म्हणून खुद्द लेक वालेसा उभा आहे. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. लेखाच्या शेवटी त्याची गरज पडेल.

त्याच वर्षाच्या शरद ऋतूत यांदाने रिशार्द बुगायस्की याच्या 'इंटरॉगेशन' या चित्रपटात काम केले. काळ १९५१चा, स्टालिनवादी दहशतीचा. टोनिया ही कॅबरेत गाणारी, हसरी, काहीशी थिल्लर म्हणावी अशी तरुणी. एका रात्री तिला दारू पाजून तुरुंगात आणून टाकले जाते. का, हे तिला कळत नाही, आणि बराच काळ आपल्यालाही. हळूहळू उलगडते ते असे, की तिच्या ओळखीच्या एका अधिकाऱ्याविरुद्ध तिने खोटी जबानी द्यावी एवढेच त्यांना हवे आहे. कागद तयार आहे, सही हवी. टोनियाला राजकारण समजत नाही, तिच्यापाशी कोणतेही तत्त्वज्ञान नाही, हौतात्म्याची हौस तर मुळीच नाही. तरी ती सही करत नाही. पाणी चढत जाणाऱ्या कोठडीत उभी असतानाही करत नाही.

या भूमिकेचे मर्म यांदाने कुठे शोधले आहे? नैतिक उंचीत शोधले असते तर ती भूमिका पुतळ्याची झाली असती, आणि पुतळ्यांचे काय होते हे 'मॅन ऑफ मार्बल'ने दाखवलेच होते. तिने ते टोनियाच्या शरीरात शोधले. पार्टीच्या पोशाखात आलेली, चौकशी अधिकाऱ्यालाही हसून वळवता येईल असे समजणारी ही बाई जसजशी सोलली जाते, तसतसे तिच्याजवळ उरते ते एकच: घडले ते घडले आणि घडले नाही ते घडले नाही, हे कळण्याइतकी शुद्ध. सत्य हा शब्द टोनिया उच्चारण्याची गरजच पडत नाही. ते तिच्या 'नाही'मध्ये असते, आणि दर वेळी ते 'नाही' वेगळे उमटते. कधी चेष्टेने, कधी किंचाळून, कधी निव्वळ थकव्याने. नाट्यसंहिता शिकवताना 'एकाच शब्दाची आवर्तने' हा मुद्दा आपण फळ्यावर लिहितो. त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

चित्रीकरण उरकते न उरकते तोच १३ डिसेंबर १९८१ रोजी पोलंडमध्ये मार्शल लॉ पुकारण्यात आला. चित्रपटावर बंदी आली. पोलिश भाषेत फळीला 'पुवका' म्हणतात आणि कर्नलला 'पुवकोव्निक'. सेन्सॉरने फळीवर टाकून दिलेल्या चित्रपटांना लोक थट्टेने 'कर्नल' म्हणू लागले, आणि 'इंटरॉगेशन' हा त्या कर्नलांतला सर्वांत नामांकित ठरला. चोरून काढलेल्या व्हिडिओ प्रतींतून लोकांनी तो घराघरांत पाहिला. अधिकृत प्रदर्शन झाले ते थेट डिसेंबर १९८९ मध्ये, आणि १९९० साली कान येथे यांदाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. अठ्ठाविसाव्या वर्षी केलेल्या कामाची पावती सदतिसाव्या वर्षी. जी राजवट टोनियाला सही करायला सांगत होती, तिचे वारस तोवर सत्तेवरून गेले होते. साक्ष खरी ठरली, पण न्यायालय उठून गेल्यावर.

दरम्यानच्या काळात तिने केलेली आणखी एक भूमिका इथे नोंदवली पाहिजे. किश्लोव्स्कीच्या 'डेकलॉग' मालिकेतील दुसऱ्या भागात, १९८८ साली, ती दोरोता झाली. दोरोताचा नवरा कर्करोगाने मरणपंथाला लागला आहे आणि तिच्या पोटात दुसऱ्या पुरुषाचे मूल आहे. नवरा जगणार की नाही, हे त्याच इमारतीत राहणाऱ्या वृद्ध डॉक्टरने खात्रीने सांगावे, असा तिचा आग्रह आहे, कारण त्यावर ते मूल ठेवायचे की नाही हे ठरणार आहे. इथे यांदा साक्ष मागणारी आहे, तीही भविष्याची. आग्नियेश्काची सिगारेट इथेही आहे, पण ती ओढण्याची तऱ्हा पार निराळी, आतल्या आत आवळलेली. या भागाचे छायालेखन एडवर्ड क्वोशिन्स्की याचे. 'मॅन ऑफ मार्बल' आणि 'मॅन ऑफ आयर्न' या दोन्ही चित्रपटांचा छायालेखकही तोच, आणि १९८१पासून तो यांदाचा पती. म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूची वाट पाहणाऱ्या स्त्रीचा चेहरा तिच्या नवऱ्यानेच टिपला होता.

क्वोशिन्स्की जानेवारी २००८ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने वारला. त्यानंतर आलेला वायदाचा 'स्वीट रश' (२००९) हा या लेखातील खरा वादाचा विषय आहे. चित्रपटाचे पोलिश नाव 'तातारक'. तातारक म्हणजे आपल्या ओळखीचे वेखंड. तान्ह्या बाळाच्या गुटीत उगाळले जाणारे वेखंड तिकडे पाणथळीत उगवते आणि ख्रिस्ती पेंटेकॉस्टच्या सणाला त्याच्या हिरव्या पातींनी घरे सजवतात. इवाश्किएविचच्या मूळ कथेत या वनस्पतीला दोन वास आहेत. एक ताजा हिरवा. दुसरा, खोल हुंगला तर, चिखलाचा आणि मरणाचा. कथेतील मार्ता ही डॉक्टरची पत्नी. आपल्याला असाध्य आजार झाला आहे हे तिला ठाऊक नाही, नवऱ्याला ठाऊक आहे. ती एका तरुणाच्या ओढीने क्षणभर पुन्हा जगू लागते आणि वेखंड आणायला पाण्यात शिरलेला तो तरुणच बुडून मरतो.

या कथेच्या मध्ये वायदाने दुसरेच काही आणून ठेवले आहे. हॉटेलची एक अंधारी खोली, जागचा न हलणारा कॅमेरा, आणि क्वोशिन्स्कीच्या अखेरच्या दिवसांविषयी स्वतः लिहिलेला मजकूर बोलणारी यांदा. पात्र नाही, संवाद नाही. ती कधी चौकटीच्या बाहेर जाते, कधी पाठ फिरवते. कॅमेरा तिच्या मागे जात नाही. आंगिक अभिनयासाठी जी नटी ओळखली गेली, तिने इथे अंग जवळजवळ काढून घेतले आहे. आहार्य नाही, आंगिक नाही. उरते ते वाचिक आणि सात्त्विक.

यावर आम्हा दोघांत मतभेद झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे, की इथे मर्यादा ओलांडली गेली आहे. स्वतःच्या पतीचे मरण कॅमेऱ्यापुढे बोलणे म्हणजे दुःखाची उजळणी, आणि उजळणी झालेले दुःख हे दुःख राहत नाही. शिवाय जाणारा माणूस संमती द्यायला उरलेला नसतो. दुसऱ्याचे म्हणणे असे, की जन्मभर दुसऱ्यांच्या साक्षी अंगावर घेणाऱ्या स्त्रीने स्वतःची साक्ष द्यायची वेळ आल्यावर गप्प बसावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. कवीने पत्नीच्या मृत्यूवर विलापिका लिहिली तर तिला आपण अभिजात म्हणतो, अभ्यासक्रमात लावतो. अभिनेत्रीने तेच आपल्या माध्यमात केले की आपल्याला संकोच का वाटतो? तिचे माध्यम तिचे शरीर आहे म्हणून? की तिला मुळात कर्ता मानलेलेच नाही म्हणून? चर्चा या प्रश्नापाशी आली तेव्हा पहिल्या मताच्या बाजूनेही उत्तर सुचेना. संमतीचा आक्षेप मात्र आम्ही मागे घेतलेला नाही. त्याचे ओझे चित्रपटावर आहे आणि ते तसेच राहणे योग्य आहे. कथेतला तरुण बुडतो त्यानंतर ही अभिनेत्री चित्रीकरण टाकून पोहण्याच्या पोशाखातच रस्त्याने पळत सुटते, असा एक प्रसंग या चित्रपटात आहे. आपले हे करणे बरोबर आहे का, ही शंका चित्रपटाने स्वतःच नोंदवून ठेवली आहे, असे आम्ही त्यावरून समजतो.

पडद्याविषयी इतके लिहिल्यावर रंगभूमीकडे वळले पाहिजे, कारण यांदाचे घर तिथे आहे. अग्निएश्का ओसिएत्स्का हिच्या संहितेवर बेतलेला 'पांढरा ब्लाउज' हा एकपात्री प्रयोग १९८७चा. विली रसेलच्या 'शर्ली व्हॅलेंटाईन'मधील लिव्हरपूलची गृहिणी तिने १९९० साली प्रथम उभी केली आणि पुढे दशकानुदशके ती करत राहिली. स्वयंपाकघराच्या भिंतीशी बोलणारी ही बाई कम्युनिस्ट राजवट नुकतीच संपलेल्या देशातील प्रेक्षकांना आपली का वाटली असेल, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. २००४ साली तिने स्वतःची संस्था काढली आणि २००५ मध्ये वॉर्साच्या मार्शाउकोव्स्का रस्त्यावरील 'पोलोनिया' या जुन्या चित्रपटगृहाचे नाट्यगृह केले. २०१० साली 'ओख-थिएटर' हे दुसरे नाट्यगृह उघडले. उन्हाळ्यात जवळच्या चौकात रस्त्यावर विनामूल्य प्रयोग होऊ लागले. खाजगी नाट्यगृह चालवायचे तर तिकिटे खपली पाहिजेत, म्हणून हलकीफुलकी विनोदी नाटकेही तिने भरपूर केली. शुद्धतावाद्यांना ती खुपतात. आम्हांला ती तिच्या हिशेबाचा भाग वाटतात. चित्रपट फळीवर टाकता येतो, हे जिने आठ वर्षे अनुभवले, तिला आपली फळी आपल्याच मालकीची असावी असे वाटले असेल, तर नवल नाही.

आता 'मॅन ऑफ आयर्न'मधील लग्नाच्या साक्षीदाराकडे परत येऊ. लेक वालेसा पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. त्याची पत्नी दानुता हिने आठ मुले वाढवली. १९८३ साली नवऱ्याच्या वतीने ओस्लोला जाऊन शांततेचे नोबेल पारितोषिक तिने स्वीकारले. २०११ मध्ये तिचे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि पोलंडला कळले की इतिहास घडत होता तेव्हा त्या घरात एक एकटी बाई होती. २०१२ साली यांदाने त्या पुस्तकाचा एकपात्री प्रयोग केला. रंगमंचावर स्वयंपाकघर, बोलता बोलता ती सफरचंदाचा केक भाजते. १९८१च्या चित्रपटात नायक साक्षीला उभा होता आणि यांदा वधू होती. एकतीस वर्षांनी तिने त्याच नायकाच्या पत्नीची साक्ष काढली. 'स्मृतिचित्रे' शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना या प्रयोगाचे महत्त्व फोड करून सांगायला नको. थोर पुरुषाच्या घरात राहणाऱ्या स्त्रीचे गद्य नेहमीच त्याच्या चरित्रापेक्षा जास्त काही सांगते.

२०१६ साली पोलंडमध्ये गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घालणारे विधेयक आले तेव्हा आइसलंडमधील स्त्रियांनी १९७५ साली केलेल्या संपाची आठवण यांदाने जाहीरपणे करून दिली. ३ ऑक्टोबर २०१६ रोजी पोलिश स्त्रिया काळे कपडे घालून रस्त्यावर आल्या आणि तीनच दिवसांनी संसदेने ते विधेयक फेटाळले. २०२०च्या घटनापीठाच्या निकालाने पुढे बंधने पुन्हा कडक केली, म्हणून याला विजयकथा म्हणता येत नाही. २०१९च्या 'डॉल्चे फिने जोर्नाता'मध्ये यांदाने इटलीत राहणाऱ्या, नोबेलविजेत्या पोलिश कवयित्रीची भूमिका केली. एका दहशतवादी हल्ल्यानंतर ती कवयित्री सन्मानाच्या व्यासपीठावरून गैरसोयीचे बोलते आणि भोवतालचे सभ्य जग तिच्यापासून दूर सरकते. सनडान्स महोत्सवाने या अभिनयाचा खास सन्मान केला. आग्नियेश्काला कॅमेरा हिरावून गप्प केले गेले होते. या वृद्ध कवयित्रीला व्यासपीठ देऊन, टाळ्या वाजवून, मग एकटे पाडले जाते. गप्प करण्याच्या रीती बदलतात हे कळायला एखाद्या समाजशास्त्राच्या ग्रंथाइतकीच या दोन भूमिका एकामागून एक पाहण्याची मदत होईल.

हे सारे 'वायदाची नायिका' या दोन शब्दांत मावत नाही. वायदाचे ऋण यांदावर आहे, यात शंका नाही. यांदाचे वायदावर किती आहे, हे विचारण्याची सवय आपल्याला नाही. आम्ही आमच्या टिपणांतला तो कंस काढून टाकला आहे. पुढच्या सत्राच्या प्रश्नपत्रिकेत 'वायदाने आग्नियेश्का कशी घडवली?' हा प्रश्न असणार नाही. त्याऐवजी असेल: 'क्रिस्तिना यांदा हिच्या कोणत्याही तीन भूमिका एका लेखिकेच्या तीन कृती समजून वाचा.' उत्तरे कशी येतील सांगता येत नाही. पण नाव तरी लिहिले जाईल.